शेतमालकाचे नाव काय?

गेल्या वर्षी काजूच्या हंगामात, बोंडूंचा शेवटचा ढीग मळायला गेला त्या संध्याकाळी माझा भाचा घरी आला आणि म्हणाला, "मामा, इटलीत शेतीचे काम मिळते आहे. नऊ महिन्यांचे. एजंट सात लाख मागतो, 40,000 मी आगाऊ दिले आहेत." त्याच्या वडिलांचे खनिज वाहून नेणारे दोन ट्रक होते. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा एक विकला आणि 2018 साली पुन्हा बंद झाल्या तेव्हा दुसरा. गोव्याच्या सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतील बऱ्याच घरांची हीच गोष्ट आहे. त्यामुळे परदेशी जाण्याच्या त्याच्या इच्छेला मी विरोध केला नाही, आजही करत नाही. मी त्याला एवढेच विचारले, की ज्याच्या शेतात तू काम करणार त्या मालकाचे नाव काय? ते त्याला ठाऊक नव्हते.

माझे स्वतःचे छोटे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे. सुपारी उतरवायला, आळी करायला, बांध घालायला आता गावात माणूस मिळत नाही, म्हणून दरवर्षी कर्नाटकातून तीन-चार कामगार येतात. ते येण्याआधी फोनवर मला जे विचारतात ते मी येथे मुद्दाम लिहितो: खोली कोणती, पाण्याची सोय काय, तांदूळ तुम्ही देणार की आम्ही आणायचा, पाऊस लागून काम थांबले तर त्या दिवसाची हजेरी धरणार का, आणि गावी परत जाण्याचे भाडे कोणाचे. शंभर-दीडशे किलोमीटरवरून येणारा माणूस एवढे विचारून घेतो, आणि आमचा शिकलेला मुलगा सात समुद्रांपलीकडे जाताना यांतला एकही प्रश्न विचारत नाही, याचे मला त्या रात्री फार वाईट वाटले. त्यानंतरचे दोन महिने मी हा विषय समजून घेण्यात घालवले.

इटलीचा मार्ग खोटा नाही. तेथील सरकार 'देक्रेतो फ्लुस्सी' नावाच्या हुकुमाने परदेशी कामगारांची संख्या ठरवते. 2023 ते 2025 या तीन वर्षांसाठी ती एकूण 4,52,000 होती आणि तिचा मोठा भाग शेती व पर्यटनातील हंगामी कामासाठी होता. मात्र या प्रक्रियेची सुरुवात कामगाराच्या अर्जाने होत नाही. इटलीतला शेतमालक स्वतः, ठरलेल्या दिवशी, तेथील गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करतो. अर्ज करण्यासाठी अशी झुंबड उडते, की त्या दिवसाला 'क्लिक डे' असेच नाव पडले आहे. अर्ज कोट्यात बसला आणि तपासणीत टिकला तर 'नुल्ला ओस्ता', म्हणजे हरकत नसल्याचा दाखला, त्या मालकाच्या आणि त्या कामगाराच्या नावाने निघतो, आणि तो हाती आल्यावरच कामगाराला व्हिसा मागता येतो. तेथे पोहोचल्यावर ठरलेल्या मुदतीत मालकासह करारावर सही करावी लागते आणि मग राहण्याचा परवाना मिळतो. या शेवटच्या पायरीवर मालक आलाच नाही, तर कायदेशीर व्हिसावर आलेला माणूसही काही आठवड्यांत बेकायदा ठरतो, आणि अशी कितीतरी प्रकरणे इटलीत उघडकीला आली आहेत.

भाच्याला एजंटने नुल्ला ओस्ताची एक प्रत मोबाइलवर पाठवली होती. त्यावर शिक्का होता, क्रमांक होता आणि बारीक अक्षरांत एका शेतीसंस्थेचे नावही होते. ते नाव शोधले तेव्हा संस्था खरी निघाली. तिचे संकेतस्थळ होते, टोमॅटोची छायाचित्रे होती. भाषांतराच्या यंत्राच्या मदतीने मी इटालियनमध्ये चार ओळींचे पत्र लिहिले: अमुक नावाच्या भारतीय तरुणासाठी आपण अर्ज केला आहे काय, असल्यास राहण्याची सोय कोठे आहे. पाच दिवसांनी उत्तर आले, की आम्ही भारतातून कोणासाठीही अर्ज केलेला नाही. ते उत्तर भाच्याने एजंटला दाखवले तेव्हा तो माणूस जराही न बिचकता म्हणाला, की मग पर्यटक व्हिसावर जा, तेथे गेल्यावर कागद बदलून मिळतात. युरोपातील बहुतेक देशांत चालणारा शेंगेन पर्यटक व्हिसा 180 दिवसांत 90 दिवसांचा असतो आणि त्यावर काम करता येत नाही. ते 40,000 रुपये अजून परत आलेले नाहीत. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे.

बेकायदा ठरलेल्या माणसाचे काय होते, हे सांगायला मला सतनाम सिंग यांचे नाव घ्यावेच लागते. रोमच्या दक्षिणेला लातिना प्रांतात हा 31 वर्षांचा भारतीय शेतमजूर कागदपत्रांविना काम करत होता. जून 2024 मध्ये यंत्रात सापडून त्याचा हात तुटला, आणि त्याला रुग्णालयात नेण्याऐवजी त्याच्या राहत्या जागेबाहेर आणून टाकण्यात आले. दोन दिवसांनी तो मरण पावला. इटलीत मजुरांच्या मुकादमाला 'कापोराले' म्हणतात, आणि अशा मुकादमीविरुद्ध 2016 पासून तेथे कडक कायदा आहे. पण ज्याच्याकडे कागद नाही तो तक्रार द्यायला घाबरतो, आणि मुकादमाचा सगळा धंदा त्या भीतीवरच चालतो. कागद असलेल्यांनाही फसवण्याची एक रीत आहे: महिनाभर काम करून घ्यायचे आणि पगारपत्रकावर थोडेच दिवस दाखवायचे. म्हणून स्वतःच्या वहीत रोजचे तास लिहून ठेवावेत, असे मी भाच्याला सांगितले.

आपल्याकडील कायदाही नीट माहीत असायला हवा. 1983 च्या उत्प्रवासन, म्हणजे परदेशगमनाच्या, कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि त्याने घ्यायच्या सेवाशुल्काची मर्यादा 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी आहे. त्याची नोंदणी आहे की नाही हे 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. दहावी उत्तीर्ण न झालेल्यांना आखाती देशांसह 18 देशांत नोकरीला जाताना उत्प्रवासन मंजुरी लागते. इटली किंवा जपान त्या यादीत नाहीत, त्यामुळे तेथे जाणाऱ्याचा करार आपल्याकडे कोणी तपासत नाही. तो त्याने स्वतःच तपासायचा असतो.

गोव्यात या विषयाला आणखी एक फाटा आहे. गोवा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला त्या 19 डिसेंबर 1961 पूर्वी येथे जन्मलेल्या आजी-आजोबांच्या नोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवलेल्यांना युरोपीय संघात कामासाठी व्हिसा लागत नाही, पण त्यासाठी भारतीय नागरिकत्व सोडावे लागते, आणि 2020 च्या अखेरीपासून त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये नव्याने जाऊन काम करण्याची मोकळीक उरलेली नाही. पोर्तुगालमध्ये पर्यटक म्हणून उतरून, काम धरून, नंतर परवाना मागण्याची जी वाट होती ती जून 2024 मध्ये बंद झाली. तरीही त्या वाटेच्या नावाने पैसे मागणारे अजून भेटतात.

ब्रिटनच्या हंगामी कामगार व्हिसाबद्दलही भाच्याने विचारले. फळे आणि भाज्या तोडण्यासाठी तो सहा महिन्यांपर्यंत मिळतो, सरकारने मान्यता दिलेल्या मोजक्या संस्थाच त्यासाठी प्रायोजक होऊ शकतात, आठवड्याला किमान 32 तासांच्या कामाचे पैसे देणे बंधनकारक आहे, आणि काम मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून पैसे घेणे तेथे गुन्हा आहे. कॅनडाची प्रसिद्ध हंगामी शेतमजूर योजना मात्र मेक्सिको आणि कॅरिबियन देशांपुरतीच आहे. भारतीयाला वेगळ्या शेती प्रवाहातून जावे लागते, आणि तेथेही श्रमबाजार-परिणामाचा दाखला, म्हणजे कामाला स्थानिक माणूस मिळत नाही याचा दाखला, मालकानेच मिळवायचा असतो.

भाच्याने शेवटी जपान निवडले. 'तोकुतेई गिनो', म्हणजे विशिष्ट कौशल्य कामगार, ही व्यवस्था तेथे एप्रिल 2019 मध्ये सुरू झाली आणि जानेवारी 2021 मध्ये भारताने जपानशी त्याबाबत करार केला. शेती हे त्यातील एक क्षेत्र आहे. पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षे राहता येते, कुटुंबाला नेता येत नाही, आणि त्याआधी शेतीची कौशल्य परीक्षा व जपानी भाषेची एन-4 किंवा जेएफटी-बेसिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मला यातली अडचणही त्याला सांगावी लागली: जपानच्या श्रमकायद्यातील कामाचे तास, विश्रांती आणि सुट्टी यांविषयीचे नियम शेतीला लागू नाहीत, त्यामुळे जादा तासांचा मोबदला किती, हे करारातच लिहून घ्यायला हवे. तरीही मला हा मार्ग पसंत आहे. येथे त्याचा वेळ आणि मेहनत खर्च होते, आईचे दागिने नव्हे.

सध्या तो सकाळी माझ्याबरोबर कुळागरात असतो आणि दुपारी माटवात, म्हणजे मांडवात, बसून जपानी अक्षरे गिरवतो. इटलीला पाठवलेल्या त्या चार ओळी मी जपून ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात साखळी गावातील एका मुलाने त्या नेल्या आणि आपल्या कागदावरील मालकाला पाठवल्या. अजून कोणाला हव्या असतील तर जरूर कळवावे, नाव बदलून लगेच पाठवता येतात.