कोकणात स्टोर्ज नोड चालवायचा तर

घरात पडून असलेली हार्ड डिस्क स्टोर्ज या साठवणुकीच्या नेटवर्कला वापरायला दिली तर महिन्याला थोडे पैसे मिळतात, हे खरं आहे. पण त्यासाठी मुद्दाम नवी डिस्क आणि नवा कॉम्प्युटर घेऊ नका. कोकणात हा हिशोब डिस्कच्या आकारावर कमी आणि वीज, नेट आणि खारी हवा यांवर जास्त ठरतो. ही तीन मार्गी लागली तरच नोड, म्हणजे नेटवर्कला जोडलेला तुमचा कॉम्प्युटर आणि डिस्क, टिकतो. नोड टिकला तरच पैसे.

स्टोर्ज म्हणजे जगभरच्या लोकांच्या डिस्कवर पसरलेली साठवण. ग्राहकाची फाइल आधी एन्क्रिप्ट होते (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी होते), मग तिचे जास्तीत जास्त ६४ एमबीचे खंड पडतात आणि प्रत्येक खंडाचे अनेक तुकडे वेगवेगळ्या नोडवर जातात. मूळ रचनेत असे ८० तुकडे असतात आणि त्यांतले कुठलेही २९ मिळाले की खंड परत उभा राहतो. तुमच्या डिस्कवर कुणाचं काय आहे ते तुम्हाला कळत नाही, वाचताही येत नाही. २०२३ च्या अखेरीस ठरलेला दर असा: साठवलेल्या दर टीबीला महिन्याला दीड डॉलर, आणि तुमच्याकडून उतरवून घेतलेल्या दर टीबीला दोन डॉलर. सुरू करण्याआधी चालू दर एकदा बघून घ्या.

आता रुपयांत. ४ टीबीची डिस्क पूर्ण भरली तर साठवणुकीचे सहा डॉलर होतात. डॉलर ८५ रुपये धरला तर ५१० रुपये. रास्पबेरी पाय (छोटासा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय') आणि साडेतीन इंची डिस्क मिळून साधारण १२ वॅट खातात, म्हणजे महिन्याला पावणेनऊ युनिट. स्थिर आकार, वहन आकार आणि शुल्क धरून युनिट १२ रुपयांना पडत असेल तर शंभर-सव्वाशे रुपयांत भागतं. तेच काम ७० वॅट खाणाऱ्या जुन्या डेस्कटॉपवर केलं तर ५० युनिट, म्हणजे ६०० रुपये, आणि वर बिल पुढच्या स्लॅबमध्ये गेलं तर आणखी. कमाई विजेतच संपली. ग्राफिक्स कार्ड भाड्याने देणाऱ्या नेटवर्कबद्दलही बरेच जण विचारतात. ३०० वॅटचं कार्ड अखंड चाललं तर २१६ युनिट होतात, आणि मे महिन्यात त्याच्या उष्णतेसाठी एसी लावावा लागतो. घरगुती दराने ते परवडत नाही.

शिवाय डिस्क एकदम भरत नाही. नवा नोड आधी तपासणीत असतो. प्रत्येक सॅटेलाइटच्या (नोडना काम वाटणाऱ्या स्टोर्जच्या सर्व्हरच्या) १०० ऑडिट, म्हणजे डेटा शाबूत आहे का याच्या तपासण्या, पार होईपर्यंत येणाऱ्या डेटातला अगदी थोडा वाटा मिळतो. पहिले तीन महिने कमाईतले ७५ टक्के राखून ठेवतात, पुढचे तीन महिने ५०, त्यापुढचे तीन महिने २५. दहाव्या महिन्यापासून पूर्ण रक्कम हातात येते. राखलेल्यातली निम्मी रक्कम पंधराव्या महिन्यानंतर मिळते आणि उरलेली नोड रीतसर बंद केल्यावर. म्हणजे वर्षभर टिकणार नसेल तर सुरू करण्यात अर्थ नाही.

डिस्क लावण्याआधी नेट तपासा. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे ऑपरेटरने राउटरला दिलेला नेटवरचा पत्ता, बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, किंवा बाहेरून दिसणाऱ्या आयपीशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला आहे, आणि राउटरवर पोर्ट (बाहेरून आत येण्याचं दार) उघडून काही उपयोग नाही. नोडच्या २८९६७ या पोर्टवर टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही प्रकारची रहदारी बाहेरून पोचावी लागते. नुसत्या आयपीव्ही६ वर, म्हणजे नव्या प्रकारच्या आयपीवर, काम भागत नाही. ऑपरेटरकडे पब्लिक आयपी मागा. स्टॅटिकच हवा असं नाही, बदलता असला तर डीडीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सेवा) लावता येतो. पब्लिक आयपी देतच नसतील तर भाड्याच्या छोट्या सर्व्हरवरून वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा काढता येतो, पण त्याचं भाडं ४ टीबीच्या कमाईतून निघणं कठीण. त्यातच एक मेख आहे: आयपीतले ठिपक्यांनी वेगळे केलेले पहिले तीन भाग सारखे असलेले सगळे नोड मिळून एक धरले जातात आणि येणारा डेटा त्यांच्यात वाटला जातो. भाड्याच्या सर्व्हरच्या पट्ट्यात आधीच नऊ नोड असतील तर तुमच्या वाट्याला दशांश येईल. एकाच वाडीत, एकाच केबलवाल्याच्या जोडणीवर दोघांनी नोड लावले तरी हेच होऊ शकतं. शेजाऱ्याला विचारून घ्या. 'अमर्याद' म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीच्या आसपास मर्यादा असते, तीही वाचा.

केबलवाल्याला आणखी एक प्रश्न विचारा, आणि हा फार महत्त्वाचा आहे: वाटेत खांबावर स्प्लिटर (फायबरमधला प्रकाश नुसता वाटणारा) आहे की स्विच (विजेवर चालणारं यंत्र)? स्प्लिटरला वीज लागत नाही. त्याच्या ऑफिसातली बॅटरी चालू असेपर्यंत तुमचं नेट चालतं. स्विच असेल तर त्या खांबाजवळची लाइट गेली की नेट गेलं, तुमच्या घरी कितीही मोठा इन्व्हर्टर असो.

स्टोर्जची अपेक्षा महिन्यात एकूण पाच तासांपेक्षा जास्त बंद न राहण्याची आहे. पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडली की हे पाच तास एका रात्रीत संपतात. पाच तास ओलांडले म्हणून लगेच हकालपट्टी होत नाही, पण ऑनलाइन स्कोअर (नोड किती वेळ चालू होता याचे गुण) ६० टक्क्यांखाली गेला की नवा डेटा थांबतो, आणि सलग ३० दिवस बंद राहिलेला नोड कायमचा बाद होतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. म्हणून बॅटरीचा विचार 'दोन तास निघतील' एवढ्यावर थांबवू नका. १२.८ व्होल्ट, १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. नोड, ओएनटी (फायबर येऊन जोडते ती डबी) आणि राउटर मिळून २० वॅट धरले आणि १५ टक्के वाया गेले तरी पन्नासेक तास निघतात. घरच्या इन्व्हर्टरवर तेवढे निघत नाहीत, कारण इन्व्हर्टर स्वतःच चालू राहायला बरेच वॅट खातो. इथे सगळंच डीसीवर चालणारं आहे, तेव्हा मधे एसी वीज (घरच्या प्लगमधली) आणण्याची गरज नाही.

मात्र डिस्क थेट बॅटरीला जोडू नका. चार्ज होताना ही बॅटरी १४.४ व्होल्टच्या वर जाते, आणि साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट, दहा टक्के इकडेतिकडे, एवढंच चालतं. मधे १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर हवा आणि पाय व डिस्कच्या ५ व्होल्टसाठी वेगळा बक (व्होल्ट कमी करणारा) कन्व्हर्टर. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच फ्यूज घाला.

विजा चमकतात त्या एप्रिल-मेच्या वळवात आणि पुन्हा ऑक्टोबरात. फायबरमधून करंट येत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण खांबावरून घरात येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये आधाराला पोलादी तार असते. ती तार भिंतीबाहेरच तोडा, आत फक्त काच येऊ द्या. घरच्या विजेच्या बोर्डावर टाइप २ एसपीडी (विजेचा अचानक आलेला लोंढा जमिनीत सोडणारं उपकरण) बसवा आणि अर्थिंग तपासून घ्या. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, मेमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. उन्हाळाभर त्यात पाणी घालत राहावं लागतं.

आता खारी हवा. किनाऱ्यालगत हवेतून येणारं मीठ सगळ्यावर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांखाली असेल तोवर मीठ कोरडं राहतं. त्यावर गेली की तेच मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि यंत्राच्या सर्किट बोर्डावर विजेला वाट देणारा पातळ थर तयार होतो. जून ते सप्टेंबर आर्द्रता बहुतेक वेळ याच्या वरच असते. तांब्याला हिरवं चढतं, डिस्कच्या साटा जोडणीच्या पिना काळवंडतात, डिस्क मधेच दिसेनाशी होते. लोकांना वाटतं डिस्क गेली. बरेचदा फक्त कनेक्टर गेलेला असतो. डिस्क बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, केबल नवी लावा आणि मग निर्णय घ्या.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे यंत्र बंद न करणं. २७ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा डिस्कजवळ ३५ अंशांपर्यंत तापली तर तिथली आर्द्रता ५७ टक्क्यांच्या आसपास येते, आणि मीठ कोरडंच राहतं. चालू नोड स्वतःला वाळवत असतो. पावसाळ्यात आठवडाभर बंद ठेवलेला नोड सगळ्यात लवकर खराब होतो. त्यामुळे बॅटरीवरचा खर्च हा ऑनलाइन स्कोअरइतकाच गंज टाळण्यासाठीही आहे.

पंखा शक्यतो नको, कारण पंखा म्हणजे मीठ आत ओढणारा पंप. जाड ॲल्युमिनियमच्या केसमधला बिनपंख्याचा पाय घ्या. नोड पडवीत किंवा पश्चिमेच्या खिडकीशी ठेवू नका. माजघरातल्या भिंतीच्या कपाटात, जमिनीपासून हातभर वर ठेवा. माळा मेमध्ये भट्टी होतो, तिथेही नको. साध्या डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, ते कधीही चिकटपट्टीने बंद करू नका. हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण सीलबंद असतात, किनाऱ्यावर त्या जास्त चांगल्या, पण त्यांचाही खालचा बोर्ड उघडाच असतो. एसएमआर प्रकारची (डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवून लिहिणारी) डिस्क टाळा. एकाच वेळी हजारो छोट्या फाइल लिहिताना ती अडकते.

मांडणीत तीन गोष्टी चुकतात. डिस्क ईएक्सटी४ या लिनक्सच्या पद्धतीत फॉरमॅट करून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने, जोडा, नाहीतर लाइट येऊन गेल्यावर तिचं नाव बदलतं. डेटा डिस्कच्या मुळाशी न ठेवता आतल्या फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे डिस्क जोडलीच गेली नाही तर नोड एसडी कार्डावर लिहीत सुटणार नाही, सुरूच होणार नाही. आणि आयडेंटिटीचं (नोडच्या ओळखीच्या किल्लीचं) फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा, ती किल्ली हरवली तर डेटा शाबूत असूनही नोड संपला. बंद करताना डॉकरला (ज्यात नोड चालतो त्या सॉफ्टवेअरला) ३०० सेकंदांची मुदत द्या. चालू डिस्कची वीज अचानक गेली की फाइलसिस्टीम बिघडते, तुकडे गहाळ होतात, आणि ऑडिट स्कोअर ९६ टक्क्यांखाली गेला की बाद. तिथे माफी नाही. म्हणून बॅटरी किती उरली ते वाचून वेळेत नोड थांबवणारी छोटी स्क्रिप्ट लावाच.

पैसे स्टोर्ज टोकनमध्ये येतात. इथेरियम या ब्लॉकचेनवर पाठवणीचा खर्च कमाईच्या मानाने मोठा असला तर पैसे देणं पुढच्या महिन्यांत ढकललं जातं. झेडकेसिंक एरा (इथेरियमवर उभं असलेलं स्वस्त नेटवर्क) निवडला तर छोट्या रकमाही मिळतात, पण तुमचं एक्स्चेंज (टोकन विकून रुपये देणारी कंपनी) तिथून जमा घेतं का ते आधी पाहा, आणि एक्स्चेंज एफआययू-इंडियाकडे (संशयास्पद आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी विभागाकडे) नोंदलेलं असू द्या. विकताना झालेल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि ४ टक्के सेस, तोटा दुसरीकडे वळता होत नाही, विक्रीवर १ टक्का टीडीएसही आहे. वीज किंवा डिस्कचा खर्च त्या नफ्यातून वजा होत नाही. टोकन हाती आलं त्या दिवसाचा रुपयांतला भाव वहीत लिहून ठेवा, वर्षाअखेरी सीएला तोच लागतो.

नोड बंद करायचा झाला तर डिस्क उपटू नका. किमान सहा महिने जुन्या नोडला ग्रेसफुल एक्झिट (रीतसर निरोप) मागता येते, आणि मागितल्यावर तो ३० दिवस नीट चालू ठेवावा लागतो. तेव्हाच राखलेल्यातली उरलेली रक्कम मिळते. म्हणून ही मागणी जून-जुलैत करू नका. दिवाळी उलटून गेल्यावर, वीज आणि नेट दोन्ही सरळ चालत असताना, डिसेंबरात करा.