मोरचूद आणि खिळा
आज कळव्याच्या क्लासमध्ये दहावीच्या मुलांना मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) द्रावणात लोखंडी खिळा सोडायला लावला. आधी पॉलिश पेपरने लख्ख घासून घेतला, गंज राहिला तर नीट दिसत नाही. थोड्या वेळाने खिळ्यावर तांबूस थर चढला आणि निळा रंग फिका पडत हिरवटाकडे झुकला. लोखंड तांब्यापेक्षा जास्त अभिक्रियाशील, त्यामुळे ते इलेक्ट्रॉन देऊन द्रावणात उतरतं आणि तांबं बाहेर पडतं.

एकीने उलटं करून पाहिलं: फेरस सल्फेटमध्ये (लोखंडाचा क्षार) तांब्याची तार. काहीच झालं नाही. हे काहीच न होणं मला फार मोलाचं वाटतं. कोण कोणाला हटवतं आणि कोण नाही, यावरूनच धातूंची अभिक्रियाशीलतेची श्रेणी, म्हणजे जास्त ते कमी असा क्रम, समजते.

"सर, याचा उपयोग काय?"

म्हटलं, ठाणे स्टेशनवरून रोज जातोस ना? रूळ जोडताना ॲल्युमिनियमची पूड आणि आयर्न ऑक्साइड पेटवतात. ॲल्युमिनियम ऑक्सिजन हिसकावून घेतं, तापमान २००० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि वितळलेलं लोखंड थेट रुळांच्या फटीत उतरतं.

पोरगं विचारात पडलं. "मग तांबं कुणालाच हटवत नाही का?"

हटवतं की, चांदीला! सिल्व्हर नायट्रेट महाग आहे, तरी पुढच्या तासाला थोडं आणणारच.