आता रेषेच्या आत

माझी नोकरी दुसऱ्यांना खेळवण्याची. उन्हाळी शिबिरं, पोहण्याच्या बॅचेस, ज्येष्ठांची सकाळची कवायत, पेठापेठांतल्या स्पर्धा. मैदानावर फक्की मारण्यापासून बक्षिसांच्या यादीपर्यंत सगळं केलं. गळ्यात शिट्टी, हातात हजेरीवही आणि उभी राहायची जागा कायम रेषेच्या बाहेर. निवृत्त झाल्यापासून मी रेषेच्या आत आहे आणि त्याचा मला फार आनंद आहे.

कोल्हापुरात खेळाची काही कमी नाही. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं तेच असं, की लांब बसलेल्यालाही आखाडा नीट दिसावा. पेठेपेठेला तालीम, तालमीला फुटबॉलचा संघ. पण हे सगळं पोरांचं. शिवाजी पेठेत वाढताना माझे भाऊ पहाटे तालमीत जायचे, आम्हा बहिणींच्या वाट्याला श्रावण-भाद्रपद. पंचमीला आणि गौरीला झिम्मा-फुगडी खेळायची, मग वर्षभर चूल. लग्न झालं की तेही माहेरी गेलं तरच. माझ्या वयाच्या कितीतरी बायका अशाच साठीला पोचल्या, आणि आता माझा बराचसा वेळ त्यांच्यासोबत जातो.

सकाळी आमची बायकांची पोहण्याची बॅच असते. मला पोहायला वडिलांनी शिकवलं, मळ्यातल्या विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. नोकरीत मात्र डोळे पाण्यावर आणि पाय काठावर. कुणाचं डोकं किती वेळ खाली आहे हे मोजण्यात उन्हाळे गेले. आता कुणाची जबाबदारी नसताना पाण्यावर उताणं पडून नुसतं आभाळ बघते. हे सुख मला आधी ठाऊकच नव्हतं.

शेजारच्या काकूंना बॅचला आणलं तेव्हा त्या पायरीवरच बसून राहिल्या. "व्हय बाई, बुडलो तर?" मी म्हटलं, "कठडा सोडू नका, नुसतं तोंड बुडवून बुडबुडे काढा." पहिले काही दिवस तेवढंच. पाण्यात श्वास सोडता आला की निम्मी भीती जाते. मग कठडा धरून पाय मारायचे, मग उताणं तरंगायचं. घाबरलेलं माणूस मान उचलतं आणि मान उचलली की पाय खाली जातात. डोकं पाण्यावर सैल टाकलं की अंग आपोआप वर येतं, त्यातून बायकांच्या अंगाला पाणी जरा जास्तच उचलून धरतं. हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले, पण काकूंनी पहिल्यांदा कठडा सोडला तेव्हा काठावर बसलेल्या सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आलं.

गुडघे दुखतात म्हणून घरी बसणाऱ्यांना मी हेच सांगते, पाण्यात वजन हलकं होतं, पाण्यातच चालायला लागा.

फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर तिकीट काढून जाते. पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली तर घरचं जेवण आधीच उरकलेलं असतं. कोणत्या संघाची बाजू घेते ते इथं लिहीत नाही, आमच्या गल्लीत दोन्हीकडचे लोक राहतात.

आषाढात पन्हाळा ते पावनखिंड पदभ्रमंतीही केली. १६६० च्या जुलैमधल्या त्या रात्री शिवाजी महाराज ज्या वाटेनं विशाळगडाकडे निघाले, तीच वाट. मसाई पठारावर धुकं इतकं की पुढच्या माणसाची पिशवी तेवढी दिसत होती. भाताच्या खाचरांतून जाताना चिखल पोटरीपर्यंत. आमच्यातल्या एकीला वाटेत परत फिरायचं होतं, तर गावातल्या एका आजीनं तिला घरात बसवलं, चहा दिला आणि स्वतःची काठी हातात दिली. ती बाई खिंडीपर्यंत चालत आली.

नातू म्हणतो, आजी घरी नसतेच. रविवारी त्यालाही रंकाळ्यावर घेऊन जाते, पण वेग त्यानं माझा धरायचा.

सध्या संध्याकाळी फुगडीचा सराव चालू आहे. पंचमीच्या स्पर्धेत पोहण्याच्या बॅचचा आमचा गट उतरतोय. हातांची पकड घट्ट, पाय जवळ, कंबर मागे, एवढं जमलं की गरगर फिरता येतं. तरी उकिडवं बसून खेळायच्या बसफुगडीला आमचे गुडघे नाही म्हणतात, म्हणून पिंगा आणि झिम्म्यावर भर दिलाय. परीक्षकांत एकेकाळी माझ्या शिबिरात असलेली मुलगी आहे. तिला मी आधीच सांगून ठेवलंय, बाईंचा गट म्हणून एक गुणही जादा द्यायचा नाही.