जुना लॅपटॉप + डॉकर, तिसरा रविवार: लाईट गेल्यावर भजनं गायब

डेबियन १२ (लिनक्स) आधीच टाकून ठेवलं होतं, आज डॉकर बसवलं, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या डब्यांत (कंटेनर) चालवणारं सॉफ्टवेअर. डेबियनमधलं पॅकेज जुनं असतं म्हणून डॉकरचीच रिपॉझिटरी (पॅकेजेस जिथून उतरतात ती जागा) जोडून घेतलं, कंपोझ प्लगइन (कंटेनरची सेटिंग एका फाईलमध्ये लिहून चालवायला) पण त्यातूनच आलं. हॅलो-वर्ल्ड या चाचणीच्या कंटेनरला परमिशन डिनाइड आलं कारण युजर डॉकर ग्रुपमध्ये नव्हता, तो टाकला, लॉगआउट-लॉगिन केलं, झालं. (त्या ग्रुपमध्ये असणं म्हणजे जवळपास रूटच (मशीनवर सगळे अधिकार असलेला युजर), घरातल्या सगळ्यांना त्यात टाकू नका.) रॅम ४ जीबीच आहे, व्हीएम (आत चालणारा अख्खा दुसरा कॉम्प्युटर) झेपली नसती, कंटेनर लॅपटॉपच्या लिनक्सचाच कर्नल (गाभा) वापरतो म्हणून हे जमून राहिलं.

चालवतो काय तर जेलीफिन, घरातली गाणी-व्हिडिओ मोबाईलवर पोचवणारा सर्व्हर. आईच्या कॅसेटींवरची भजनं मी एकेक करून रेकॉर्ड केली, ती यूएसबी डिस्कवर आहेत, आई मोबाईलवर ऐकते.

आता खरी गोष्ट. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात दुपारी लाईट गेली की मशीन बंद. लाईट आली की आई बटण दाबते, पण लॉगिन वगैरे तिला सांगायचं नाही, बाकी सगळं आपोआप उठलं पाहिजे. पहिल्यांदा कंटेनर उठलाच नाही, कारण रीस्टार्ट पॉलिसी (कंटेनर आपोआप परत उठवायचा की नाही) दिली नाही तर ती 'नो' असते. 'अनलेस-स्टॉप्ड' केली, म्हणजे मी स्वतः थांबवला नसेल तर उठेल. पुढच्या वेळी जेलीफिन उठलं पण लायब्ररी पूर्ण रिकामी! धस्सच झालं, वाटलं डिस्क गेली.

डिस्क ठणठणीत होती. ती डेस्कटॉपवर लॉगिन केल्यावरच माउंट होत होती (म्हणजे एखाद्या फोल्डरवर जोडली जात होती), डॉकर त्याच्या आधी उठला, जेलीफिनला दिलेला डिस्कचा पाथ सापडला नाही म्हणून त्याने तिथे रिकामा फोल्डर बनवला (कंटेनरला फोल्डर देताना शॉर्ट '-व्ही' वापरला की असंच होतं, '--माउंट' वापरलं असतं तर सरळ एरर आली असती). मग मी लॉगिन केलं तर डिस्क नावापुढे १ लागून दुसऱ्याच फोल्डरवर बसली, तिथे नजर गेली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

उपाय: एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ती फाईल) यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने, डिस्कला पक्की जागा दिली, सोबत 'नोफेल' (डिस्क नसली तरी मशीन सुरू होऊ दे), आणि सिस्टमडीमध्ये (मशीन सुरू होताना बाकी सगळं उठवणारा प्रोग्रॅम) डॉकरच्या सर्व्हिसला 'रिक्वायर्स-माउंट्स-फॉर'ची एक ओळ जोडली, म्हणजे डिस्क नसेल तर डॉकर उठणारच नाही, आणि मला तेच पाहिजे.

संध्याकाळी मुद्दाम तीनदा प्लग काढला. तिन्ही वेळा आईनेच बटण दाबलं आणि स्वयंपाकघरातून भजन ऐकू आलं.