तुम्ही विचारलंत म्हणून: जिनिंगच्या बायांसमोर सभागृहातली भाषणे

दरवर्षी एप्रिल आला की कोणी ना कोणी मला विचारतेच, "गुरुजी, बाबासाहेबांवर सांगायला इतके काही असताना तुम्ही ती विधिमंडळातली जुनी भाषणे कशाला वाचून दाखवता? ज्यांना सही करता येत नाही, त्या बायांना त्यातले काय कळणार?" विचारणारी मुले आपलीच असतात आणि त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नसतो. आजवर मी तेवढ्यापुरते उत्तर देऊन वेळ निभावून नेली. या वेळी सविस्तर लिहितो.

वणी तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहारात दर पौर्णिमेला रात्री जेवणे आटोपल्यावर पंधरा-वीस बाया जमतात. त्यांपैकी बहुतेकजणी कापसाच्या हंगामात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, आणि बाकीचे दिवस निंदण-खुरपणाला जातात. राज्य शासनाने प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथमालेत दुसऱ्या खंडात मुंबई विधिमंडळातली आणि दहाव्या खंडात केंद्र सरकारमध्ये मजूर खात्याचे सदस्य (आजच्या भाषेत मंत्री) असतानाची भाषणे आहेत. मूळ मजकूर इंग्रजी आहे. आठवडाभर बसून त्याचे मी वहीत मराठी करतो आणि तेच वाचतो.

याची सुरुवात माझ्या आईपासून झाली. ती जिनिंगमध्ये रेच्यावर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रावर, कापूस टाकायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या भुवया आणि पापण्या रुईच्या तंतूंनी पांढऱ्या झालेल्या असायच्या, नाकाला बांधलेले लुगड्याचे फडके सोडले की तेवढाच चेहरा तिच्या मूळ रंगाचा दिसायचा. धाकट्या भावाच्या वेळी आठवा महिना लागेपर्यंत ती कामावर गेली. बाळंतपणानंतर महिनाभराने परत गेली तेव्हा तिच्या जागी दुसरी बाई लावलेली होती, आणि हातात एक पैसा न पडता तिचा तो हंगाम संपला. त्या कारखान्याचे नाव मी येथे लिहीत नाही. आईनेही कधी कोणाला दोष दिला नाही. असेच असते, असे ती समजत होती.

पुढे मी शिक्षक झालो आणि एके दिवशी 28 जुलै 1928 चे भाषण माझ्या हाती लागले. आदल्याच वर्षी नियुक्त सदस्य म्हणून बाबासाहेब मुंबई विधान परिषदेत आले होते आणि कारखान्यांतील स्त्री-कामगारांना बाळंतपणाचा लाभ देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने ते बोलत होते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला काही काळ विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ते म्हणाले. खर्च कोणी सोसायचा हा अवघड प्रश्नही त्यांनी टाळला नाही. लोकांचे कल्याण जपणे हे मुळात सरकारचे काम असल्याने हा भार बराचसा सरकारनेच उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले, आणि तरीही स्त्रियांच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाला या जबाबदारीतून पूर्णपणे अंग काढून घेता येणार नाही, असे सांगितले. ते वाचताना मला आईच्या पांढऱ्या भुवया दिसत होत्या. मुंबईचा तो कायदा 1929 मध्ये झाला. आमचा मुलूख तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता आणि मध्य प्रांताचा असा कायदा 1930 मध्ये आला. स्वातंत्र्यानंतर 1961 चा केंद्रीय कायदा झाला, तरी त्यात लाभासाठी आधीच्या बारा महिन्यांत 160 दिवस काम झालेले असण्याची अट होती. चार-साडेचार महिन्यांच्या हंगामात राबणारी बाई 160 दिवस कोठून भरणार? ती अट 80 दिवसांवर यायला 1988 ची दुरुस्ती व्हावी लागली.

गावातल्या वयस्क पुरुषांना मात्र वेगळेच भाषण आवडते, ते सप्टेंबर 1938 चे. मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे विधेयक आणले होते आणि ठरावीक परिस्थितीत संप करणे हा त्यात गुन्हा ठरत होता. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून बाबासाहेबांनी त्याला जो विरोध केला, त्याचा गाभा असा: कामगाराने काम सोडले तर फार तर करार मोडला असे होईल, आणि करार मोडणे ही दिवाणी बाब आहे, तिच्यासाठी नुकसानभरपाई मागता येते, पण काम सोडणाऱ्याला तुरुंगात टाकायचे, याचा अर्थ त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला राबायला लावायचे, आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात. संपाचा हक्क हे त्यांच्या दृष्टीने स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव होते. विधेयक संमत झाले, आणि त्याच्या निषेधार्थ 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईच्या गिरण्यांत एक दिवसाचा संप झाला.

हा युक्तिवाद गिरणी कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसांना का भिडतो, ते सालगड्याच्या घरात जन्मलेल्याला सांगावे लागत नाही. गुढीपाडव्याला साल ठरायचे, उचल हातात पडायची आणि पुढच्या पाडव्यापर्यंत तो माणूस त्या वाड्याचा व्हायचा. माझे आजोबा एका वर्षी भर पावसाळ्यात तापाने खंगले आणि साल सोडून सासुरवाडीला निघून गेले. तिसऱ्या दिवशी दोन माणसे तेथे पोचली आणि त्यांना बैलगाडीत घालून परत घेऊन आली. उचल बाकी होती हे खरेच होते. ते पैसे मागण्याचा वाड्याला हक्क होता, आजोबांना गाडीत घालून आणण्याचा नव्हता. पण हा भेद त्या काळी आमच्या गावात कोणाला माहीत नव्हता, खुद्द आजोबांनाही नव्हता. मी हे वाचले त्या रात्री आजोबांच्या वयाचे एक गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत, मग एवढेच म्हणाले, "म्हणजे थो गुन्हा नोयता जी."

कामाच्या तासांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण जयंतीच्या फलकांवर सरसकट "आठ तासांचा दिवस" एवढेच लिहिलेले असते आणि कागदोपत्री असलेली गोष्ट त्याहून बारीक आहे. 1934 च्या कारखाना कायद्यानुसार बारमाही कारखान्यांत आठवड्याला 54 तास आणि हंगामी कारखान्यांत 60 तास कामाची मर्यादा होती. बाबासाहेबांच्या खात्याने आणलेल्या 1946 च्या दुरुस्तीने ती अनुक्रमे 48 आणि 50 वर आणली. जिनिंग हा हंगामी कारखाना, म्हणून आमच्या बायांच्या कामाचा आकडा 60 वरून 50 झाला. फलकावर आपल्याच कामाचा आकडा नसावा, याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

आता ज्या भाषणामुळे काही तरुण माझ्यावर नाराज होतात, त्याविषयी. कोळशाच्या खाणीत स्त्रियांनी जमिनीखाली उतरून काम करण्यावर 1939 पर्यंत पूर्ण बंदी आली होती. महायुद्धात मजूर इतर कामांकडे वळले, कोळशाचा तुटवडा पडला आणि 1943 मध्ये सरकारने मध्य प्रांत, बंगाल, बिहार येथील खाणींपुरती ती बंदी उठवली. फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर टीका झाली आणि मजूर खात्याचे सदस्य म्हणून उत्तर देण्याची वेळ बाबासाहेबांवर आली. सोळा वर्षांपूर्वी आईच्या विश्रांतीसाठी उभा राहिलेला हा माणूस आता स्त्रियांना खाणीत उतरवण्याच्या निर्णयाचे समर्थन करत होता. हा तात्पुरता, निकडीचा उपाय आहे, असे त्यांनी सांगितले, आणि या कामात स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळणार असल्याने समान कामाला समान वेतन हे तत्त्व एखाद्या उद्योगात प्रथमच लागू होत आहे, याकडेही लक्ष वेधले. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात त्यांच्या कारकिर्दीत 1943 आणि 1945 अशा दोनदा दुरुस्त्या झाल्या, आणि 1 फेब्रुवारी 1946 पासून जमिनीखालच्या कामावरची बंदी पुन्हा लागू झाली.

"हे कशाला वाचता, गुरुजी? विरोधकांच्या हाती कोलीत मिळते," असे मला सांगितले जाते. माझे मत असे की सभागृहात उभे राहून दिलेले उत्तर नोंदले जाते, आणि अवघड निर्णयाचे कारण सर्वांसमोर सांगण्याची जबाबदारी बाबासाहेबांनी टाळली नाही, म्हणूनच आज ऐंशी वर्षांनी आपण ते तपासू शकतो. 1928 चे वाचायचे आणि 1944 चे झाकायचे, हे मला त्यांच्या विद्यार्थ्याला शोभणारे वाटत नाही. तो निर्णय योग्य होता की नाही, यावर माझे मन अजून एका बाजूला ठरलेले नाही. भर कामात कोळशाचे छत कोसळते तेव्हा काय होते, हे आमच्या वणीच्या कोळसाखाणींच्या पट्ट्यात घरोघर माहीत आहे.

गेल्या माघ पौर्णिमेला मी ते भाषण पुन्हा वाचले. नाराजी पुरुषांकडूनच येणार, अशी माझी अपेक्षा होती. पण मध्येच थांबवले ते सरकी भरण्याच्या कामावरच्या एका बाईने. "खाली उतरवलं तं उतरवलं, गुरुजी, पण मजुरी गड्यायच्या बराबर देल्ली ना जी? आमाले तं वर राहूनबी भेटत नाही." तिच्या शेजारच्या दोघींनी आपापल्या रोजाचे आणि आपल्या नवऱ्यांच्या रोजाचे आकडे सांगितले. मग तिने तो मजुरीचा भाग परत वाचायला सांगितला, आणि मी वही मागे उलटून तो पहिल्यापासून वाचला.