मॅटाडोरच्या काचा आणि रबरं: माझा अनुभव

जुन्या गाडीत पाणी येऊ लागलं की बहुतेक जण आधी सिलिकॉनची नळी आणतात. आमच्या मॅटाडोर व्हॅनच्या समोरच्या काचेभोवती सिलिकॉनचे असे थरावर थर चढले होते. वरून सगळं बंद दिसायचं, पण पाऊस झाला की ड्रायव्हरच्या पायाशी डबकं ठरलेलं. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला त्यानं गंज धरतो. गळती थांबवायला लावलेला मालच आतून पत्रा खात होता.

गाडी १९८८ची. वडिलांनी ती वऱ्हाडासाठी आणि अष्टविनायकाच्या फेऱ्यांसाठी भाड्यानं चालवली. मॅटाडोर १९६९ पासून २००० पर्यंत पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात बनायची. आज ती कंपनी फोर्स मोटर्स म्हणून ओळखली जाते. आराखडा मूळचा जर्मनीतला, हाम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या घराण्यातला. तिकडे हीच व्हॅन हानोमागच्या आणि पुढे मर्सिडीजच्या नावानं धावली. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना असल्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जोर नेणारा दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, नाही, म्हणून तळ खाली, आणि आज्या-आजोबा कुणाचा हात न धरता चढायचे. मला ही गाडी पुन्हा रस्त्यावर हवी होती ती याच कारणासाठी.

आमच्या गाडीची मागची बॉडी एका स्थानिक बॉडी बिल्डरनं बांधलेली. त्यामुळे समोरची काच बाजारात तयार मिळाली, पण बाजूच्या खिडक्यांचं एकही माप दुसऱ्या मॅटाडोरशी जुळेना. दोन मॅटाडोर शेजारी उभ्या केल्या तरी खिडक्या वेगळ्या निघतात. हे समजून घेतल्याशिवाय काचा कापायला टाकू नयेत.

पुण्याच्या नाना पेठेत एक चाचा आहेत, आयुष्यभर बस-ट्रकच्या काचा बसवलेले. रबराचे नमुने घेऊन त्यांच्याकडे गेले तर त्यांनी ते बाजूला ठेवले. म्हणाले, "ताई, रबर नंतर. आधी पत्रा दाखवा."

जुनी काच काढताना चाचांनी रबराची बाहेरची ओठासारखी कड ब्लेडनं कापली आणि आतून तळव्यांनी दाब देत काच बाहेर सरकवली. काचेच्या कडा दुधाळ झाल्या होत्या. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. कडेनं पाणी शिरत राहिलं की तो सुटतो आणि पांढरा पडतो. त्यावर इलाज नाही, काच बदलावीच लागते. रबर काढल्यावर खाली जे दिसलं ते जास्त गंभीर होतं. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पत्र्याची कड गंजून जाळी झाली होती.

माझ्या मते सगळं काम इथेच ठरतं. काचेच्या रबराला दोन खाचा असतात, एकीत काच बसते आणि दुसरीत पत्र्याची कड. ती कड सगळीकडे सारख्या जाडीची असली तरच रबर तिला घट्ट धरतं. पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरनं नेहमीप्रमाणे जुन्या पत्र्यावर नवा तुकडा चढवून वेल्ड मारायची तयारी केली होती. तसं केलं असतं तर कोपऱ्यात कड दुप्पट जाड झाली असती, खाच तिथे फाकली असती आणि पाणी नेमकं तिथूनच आलं असतं. मी कुजलेला भाग कापून नवा तुकडा कडेला कड भिडवून जोडायला सांगितलं. त्याला वेळ लागतो, पैसेही जास्त जातात, कारण थोडं थोडं वेल्ड मारून थांबावं लागतं, नाहीतर पातळ पत्रा वाकतो. पण ग्राइंडर फिरवल्यावर जाडी मोजायचं व्हर्नियर लावून पाहिलं तेव्हा कड सगळीकडे सारखी आली. लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी, लावून कड गुळगुळीत करायची सूचनाही आली होती. ती मी मानली नाही. काच बसवताना रबराच्या खाचेत घातलेली दोरी ओढली की लांबीचा पापुद्रा निघतो आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला पुन्हा पाणी लागतं.

पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमरचं अस्तर, मग रंग. रंग पूर्ण कडक होईपर्यंत काचेला हात लावायचा नाही. ओल्या रंगात दोरी चरे पाडते.

रबरासाठी नाना पेठ आणि जुना बाजार दोन्ही पालथे घातले. मीटरवर मिळणाऱ्या रबरात फार फरक असतो. भंगार रबरापासून पुन्हा केलेला माल दिसायला काळाभोर, पण दुमडला की घडीवर बारीक भेगा दिसतात. उन्हात आणि हवेतल्या ओझोनमध्ये टिकणारं रबर म्हणजे ईपीडीएम. ते थोडं महाग असतं, पण दुमडून सोडलं की पूर्ववत होतं आणि घडीचा माग राहत नाही. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यानं माझ्या काचेच्या आणि पत्र्याच्या जाडीप्रमाणे बाजूच्या खिडक्यांचं रबर काढून दिलं. ते कापताना घेरापेक्षा जरासं लांब ठेवायचं, कारण ओढून बसवलेलं रबर काही दिवसांनी आखडतं आणि सांध्यात फट पडते.

बाजूच्या काचांसाठी आधी हार्डबोर्डचे साचे कापले. साचा खिडकीत धरला की त्याच्या आणि पत्र्याच्या मध्ये चहूबाजूंनी सारखी फट हवी, रबराच्या दोन खाचांमधल्या भिंतीएवढी. हे आधीच तपासावं लागतं, कारण टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता किंवा घासता येत नाही. काठाला धक्का लागला की आख्खी काच बारीक तुकडे होऊन खाली येते. काच निवडताना नियमही पाहिला: १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत यायला हवा.

समोरची काच बसवायला चाचांनी सकाळ टाळली. रबर दोन तास उन्हात ठेवून मऊ होऊ दिलं. ते काचेवर चढवलं, सांधा वरच्या बाजूला मध्यावर. मग पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी सगळीकडे फिरवली आणि तिची दोन्ही टोकं खाली मध्यावर वीतभर एकमेकांवरून ओलांडून आत सोडली. खाचेत आणि पत्र्यावर साबणाचं पाणी. ग्रीस किंवा इंजिन ऑइल चालत नाही, त्यानं ईपीडीएम फुगतं. चाचा बाहेरून तळव्यांनी दाबत राहिले आणि मी आतून दोरी ओढत गेले. दोरी काचेला समांतर, काचेच्या मध्याकडे ओढायची. आपल्याकडे सरळ ओढली तर रबराचा ओठ फाटतो. दोरी जसजशी निघते तसतसा ओठ पत्र्यावर उलटून आत येतो. कोपऱ्यांवर हात थांबला की चाचा म्हणायचे, "घाई नको बेटा, काच स्वतः बसते." आणि ती बसली. शेवटी रबराच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या खाचेत बीडिंग, म्हणजे आवळपट्टी, भरलं. ते आत गेलं की रबर फुगून काच आवळली जाते.

सरकत्या खिडक्यांचं काम निराळं. ॲल्युमिनियमच्या चॅनेलमधली मखमली पट्टी बदलली, पण खरं काम खालच्या छिद्रांचं होतं. चॅनेलमध्ये पाणी येणारच, ते बाहेर जायला तळाशी छिद्रं असतात. आमची सगळी रंगानं बुजली होती, म्हणून पाणी आत सांडायचं. ड्रिलनं ती मोकळी केली.

पाण्याची चाचणी खालून वर घ्यावी. आधी काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी वर. वरूनच पाणी सोडलं तर गळती कुठली ते कळत नाही. मी आत टॉर्च आणि वर्तमानपत्र घेऊन बसले होते. कागद कोरडा राहिला. पाइप छतावर गेला तेव्हा मात्र डाव्या कोपऱ्यातून एक धार आली. काचेचं रबर कोरडंच होतं. पाणी छताच्या पन्हळीच्या जोडातून खांबावरून उतरत होतं. तिथला जुना सीलर खरवडून नवा भरला आणि पुन्हा पाणी मारलं, आतला पत्रा कोरडा.

आता मागच्या दारांचं रबर राहिलंय. त्याची तऱ्हा वेगळी, आत पोकळ नळी असते आणि दार लागलं की ती दबते. त्यासाठी आधी दारांच्या बिजागऱ्या सरळ करायला हव्यात; दार लोंबतंय तोवर खालची नळी जास्त दबेल आणि वरची तशीच राहील. बिजागऱ्यांच्या पिना लेथवर करायला दिल्या आहेत.