हुक साफ करा राव, मग गनला शिव्या द्या

पावडर कोटिंगच्या शॉपमध्ये (धातूच्या वस्तूवर, म्हणजे जॉबवर, गनने विजेचा भार दिलेली पावडर मारून ती ओव्हनमध्ये भाजतात) जॉबवर पावडर बसेना झाली की सगळे आधी गनकडे बघतात, मग पावडर सप्लायरला फोन, आणि हुककडे कोणी ढुंकूनही बघत नाही. जॉब ज्याला टांगतात तो हुक प्रत्येक फेरीत जॉबसोबत ओव्हनमधून जातो, त्याच्यावर थरावर थर चढतात, आणि पावडर म्हणजे शेवटी प्लास्टिकच, तिच्यातून करंट जात नाही, मग जॉबला हुकमधून मिळणारं अर्थिंग गेलं आणि गनने कितीही केव्ही (किलोव्होल्ट) मारले तरी अर्धी पावडर बूथच्या जमिनीवर.

हुक साफ करायला काही लोक हातोड्याने ठोकतात, काही शेडच्या मागे सरळ पेटवून देतात. हे दुसरं बघितलं की माझं डोकंच फिरतं, तो काळा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो ना.

त्यापेक्षा बर्न-ऑफ ओव्हन वापरा, म्हणजे जुनं कोटिंग उष्णतेने काढायची भट्टी. तिच्यात खरं तर काही पेटवायचंच नसतं. आत ऑक्सिजन कमी ठेवून साधारण ४०० डिग्रीपर्यंत सावकाश तापवायचं, लाकडाचा कोळसा पाडतात तसंच, कोटिंग तुटून त्याचा धूर होतो. तो धूर आफ्टरबर्नरमध्ये, म्हणजे धूर जाळायच्या वेगळ्या कप्प्यात, ८०० च्या आसपास जळतो आणि मग चिमणीतून बाहेर. जास्त माल कोंबला की धूर एकदम सुटतो, आतलं टेंपरेचर उसळतं, मग पाण्याचे फवारे चालू होऊन ते खाली आणतात. फवारे सारखे चालू होत असतील तर लोड कमी करा, फवारे बंद करायची आयडिया प्लीज कोणी काढू नका.

बाहेर आलेला हुक चकचकीत नसतो हां. पावडरमधलं टायटॅनियम डायऑक्साइड, बेरियम सल्फेट वगैरे जळत नाही, त्याची राख चिकटून राहते, ती प्रेशरच्या पाण्याने धुवायची, नाहीतर पुढच्या जॉबवर दाणे दिसतात.

आत काय टाकायचं नाही हे मात्र दारावर मोठ्या अक्षरात लिहून लावा. पीव्हीसी नको, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ निघते. टेफ्लॉन नको. मॅग्नेशियम तर अजिबात नको. झिंक ४१९ डिग्रीला वितळतं, डायकास्टचं (साच्यात ओतलेलं) झिंक अलॉय त्याच्याही आधी, म्हणजे तो पार्ट गेलाच. स्प्रिंगचे क्लिप टाकले तर ताण जातो. आणि अलॉय व्हील, अ‍ॅल्युमिनियम ६६० पर्यंत वितळत नाही म्हणून लोक बिनधास्त टाकतात, पण हीट ट्रीटमेंटने आलेली ताकद त्याच्या बरीच आधी जाते, दिसायला व्हील जसंच्या तसं, म्हणून कस्टमर कितीही मागे लागला तरी ते केमिकल स्ट्रिपिंगलाच (रसायनाने कोटिंग काढायला) पाठवायचं.